वाघाच्या वाटेवर कॅमेरा लावणारा वनाधिकारी

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील वाघाचे छायाचित्र म्हणजे बहुधा मेलेल्या वाघाचे छायाचित्र असे. वाघ जमिनीवर पसरलेला, मागे बंदूकधारी साहेब आणि बाजूला हाकारे. जिवंत वाघ रात्री आपल्या वाटेने चालताना कसा दिसतो, हे जगाला दाखवले ते फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्याने.

चॅम्पियन यांचा जन्म १८९३मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. वडील नामवंत कीटकशास्त्रज्ञ होते. बंधू हॅरी यांनी पुढे केलेले भारतीय वनप्रकारांचे वर्गीकरण आजही वनविद्येच्या अभ्यासाचा पाया मानले जाते. फ्रेडरिक १९१३मध्ये हिंदुस्थानात आले, पूर्व बंगालात पोलीस खात्यात राहिले, पहिल्या महायुद्धात लष्करात गेले आणि युद्धानंतर संयुक्त प्रांताच्या वन खात्यात रुजू झाले. शिवालिकच्या पायथ्याची सालवने हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले.

तिथे त्यांनी बंदूक बाजूला ठेवली आणि कॅमेरा हाती घेतला. दिवसा हत्तीवर बसून ते प्राण्यांची छायाचित्रे घेत. पण वाघ हिंडतो रात्री. त्यासाठी त्यांनी तारेची युक्ती योजली. वाघाच्या नेहमीच्या पायवाटेवर बारीक तार आडवी ताणायची, ती कॅमेऱ्याला आणि मॅग्नेशियमच्या भुकटीला जोडायची. जनावराचा पाय तारेला लागला की भुकटीचा भडका उडे आणि त्याच क्षणी छायाचित्र निघे. छायाचित्रकार जवळ नसे, जनावर स्वतःच आपले चित्र काढून घेई! मात्र भडका एकदाच उडणार, म्हणजे संधीही रात्रीतून एकच. वाघाआधी एखादे हरीण तारेवर आले, तर ती रात्र वाया. शिवाय जागा अचूक निवडण्यासाठी पावलांचे माग ओळखणे आले, वाघाच्या सवयी जाणणे आले. वर्षानुवर्षांच्या अपयशानंतर त्यांना मनासारखी छायाचित्रे मिळाली.

३ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने ती पहिल्या पानावर छापली. १९२७मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ आणि १९३४मध्ये ‘द जंगल इन सनलाइट अँड शॅडो’ हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. छायाचित्रे शेजारी ठेवून पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. आज ताडोबापासून काझीरंगापर्यंत वाघ मोजले जातात ते याच तत्त्वावर. २०१८च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले गेले होते. तारेची जागा आता संवेदकांनी घेतली आहे, एवढाच फरक.

चॅम्पियन यांची खरी अडचण जंगलात नव्हती, ती खात्यात होती. ज्या वन खात्याचे ते अधिकारी होते, तेच शिकारीचे परवाने देई. वन्य प्राणी मारणाऱ्यांना सरकारी बक्षिसेही मिळत. अशा व्यवस्थेत राहून त्यांनी बंदुकीच्या परवान्यांवर मर्यादा घालावी, राखीव जंगलांत मोटारींना मज्जाव करावा, बक्षिसे कमी करावीत, असा आग्रह धरला. सफारीच्या गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या आजच्या पर्यटकाला यातील मोटारींविषयीचा मुद्दा चटकन पटावा. जिम कॉर्बेट यांच्यासारखा कसलेला शिकारी कॅमेऱ्याकडे वळला, त्यामागे चॅम्पियन यांची प्रेरणा होती. १९३६मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागील प्रयत्नांतही दोघांचा वाटा होता. हे उद्यान आज कॉर्बेट यांच्या नावाने ओळखले जाते. चॅम्पियन यांचे नाव मात्र अभ्यासकांपुरतेच उरले.

१९४७मध्ये त्यांनी भारत सोडला आणि पूर्व आफ्रिकेत वनाधिकारी म्हणून काम केले. १९७०मध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भारतात वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली.