देवळालीचे कापरेकर गुरुजी

बालमित्रांनो, आपल्या जालन्याहून मुंबईची गाडी धरली की मनमाड, नाशिक रोड आणि त्यापुढे देवळाली स्टेशन लागतं. तिथे १९३० ते १९६२ पर्यंत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शिक्षक होते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असतानाच आई वारली. वडील कारकून होते. ठाण्याला शाळा झाली, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९२९ साली ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पण आकड्यांचं वेड जबरदस्त! त्यांनी पुस्तिकाही छापल्या. काही विद्वानांना मात्र हा पोरखेळ वाटला. गुरुजींनी आकडेमोड सोडली नाही.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा. मोठ्या संख्येतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा.

समजा ३५२४ घेतली.
५४३२ – २३४५ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४
७६४१ – १४६७ = ६१७४

आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार! कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतेच. हाच कापरेकर स्थिरांक. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यावर लिहिलं आणि गुरुजींचं नाव जगभर झालं. १९८६ साली ते वारले.

गुरुजींनी हे कागद-पेन्सिलीने केलं. आज कॉम्प्युटरला हुकूम द्यायला शिकणारी मुलं हीच रीत लिहून बघतात. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटरचं बटण दाबायचं. कॉम्प्युटर तेवढंच करतो. आधी काय, मग काय, थांबायचं कधी, हे सगळं आपणच सांगायचं असतं. यालाच प्रोग्राम म्हणतात.

यात एक खोच आहे. १११२ घ्या. २१११ – १११२ = ९९९. हे ०९९९ असं लिहायचं. शून्य विसरलात तर ९९९ मधून ९९९ जाऊन हाती भोपळा! माणूस चूक ओळखून सुधारील. कॉम्प्युटर मात्र सांगितलं तेच करील आणि शून्य दाखवील. म्हणून प्रत्येक पायरी नीट सांगावी लागते.

मुलांनो, कॉम्प्युटर मिळेपर्यंत थांबू नका. पाटी घ्या, आपलं जन्मसाल लिहा आणि सुरू करा. प्रत्येक पायरीला नंबर द्या. तुमची पाटी वाचून शेजारच्या मुलाला न विचारता तेच उत्तर काढता आलं, तर समजा की तुम्हाला पहिला प्रोग्राम लिहिता आला.