शनिवारी एक चर्च, रविवारी दुसरं: लंडनमधला भाड्याचा हॉल आणि जोसेफ स्टेनेट यांची गोष्ट

नाताळात मॉलपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे 'जॉय टू द वर्ल्ड' वाजतं. ते लिहिणारे आयझॅक वॉट्स १७०४ ते १७०८ या काळात लंडनमधल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी प्रवचन द्यायचे. त्याच हॉलमध्ये आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, दुसरीच मंडळी जमायची. तिचे पाळक होते जोसेफ स्टेनेट. तेही गीतकारच.

एका छपराखाली दोन चर्च आणि दोन वेगळे पवित्र दिवस. हे कसं काय जमलं?

शनिवारच का?

बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा सातव्या दिवशी विश्रांती घ्यायला सांगते. हा सातवा दिवस म्हणजे शनिवार, म्हणजेच शब्बाथ. कोकणातले बेने इस्रायल ज्यू याच कारणानं शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

बहुतेक ख्रिस्ती मात्र येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळतात. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही बाप्टिस्टांनी प्रश्न विचारला, की आज्ञा सातव्या दिवसाची आहे, तर आपण पहिला दिवस का पाळतो? हेच पुढे सेव्हन्थ डे बाप्टिस्ट म्हणून ओळखले गेले.

या प्रश्नाची किंमत मोठी होती. १६७७ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये रविवारी रोजचा कामधंदा करायला बंदी होती. शनिवार पाळणाऱ्याला शनिवारी श्रद्धेमुळे सुट्टी आणि रविवारी कायद्यामुळे सुट्टी. हातावर पोट असणाऱ्याची दर आठवड्याला एका दिवसाची कमाई बुडायची. त्यामुळे अशा मंडळी लहानच राहिल्या.

टाचण्यांचा हॉल

हॉलचं नाव होतं पिनर्स हॉल. हा लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागातला, टाचण्या बनवणाऱ्या कारागिरांच्या संघाचा हॉल. सरकारी चर्चबाहेरच्या मंडळी तो उपासनेसाठी वापरायच्या. शनिवारी सेव्हन्थ डे बाप्टिस्ट, रविवारी इंडिपेंडंट पंथाची मंडळी आणि मंगळवारी व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर चालणारी व्याख्यानं. १६७२ मध्ये सुरू झालेली ही व्याख्यानं १६९४ मध्ये वादातून फुटली आणि त्यातला एक गट सॉल्टर्स हॉलमध्ये गेला. गंमत म्हणजे हे भांडण वाराचं नव्हतंच. रविवार पाळणारेच धर्मतत्त्वांवरून आपापसांत भांडले होते.

शनिवारच्या मंडळीचे संस्थापक फ्रान्सिस बॅम्पफील्ड यांना फेब्रुवारी १६८३ मध्ये याच हॉलमधून अटक झाली. सरकारी चर्चबाहेर उपासना करणं तेव्हा गुन्हा होता. वर्षभरात न्यूगेट तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला आणि मंडळी विखुरली. १६८६ मध्ये ती पुन्हा एकत्र आली, तेव्हा तिची जबाबदारी एडवर्ड स्टेनेट यांनी घेतली. जोसेफ हे त्यांचेच चिरंजीव.

जोसेफ स्टेनेट कोण होते?

त्यांचा जन्म १६६३ चा, ॲबिंग्डनचा. १६८५ मध्ये ते लंडनला आले आणि शिक्षकी करू लागले. १६८९ च्या कायद्यानं सरकारी चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते पिनर्स हॉलच्या शनिवारच्या मंडळीचे पाळक झाले.

शनिवारी ते आपल्या मंडळीत असत. रविवारी मात्र रविवार पाळणाऱ्या मंडळींसमोर प्रवचन द्यायला जात. स्वतःचा वार त्यांनी कधी बदलला नाही आणि दुसऱ्याचा वार चुकीचा वाटतो म्हणून त्यांच्याकडे जाणंही टाळलं नाही.

समोरच्यांनीही तोच विश्वास दाखवला. १६९६ मध्ये राजा तिसरा विल्यम हत्येच्या कटातून वाचला, तेव्हा बाप्टिस्टांच्या वतीनं त्याला द्यायचं अभिनंदनपत्र स्टेनेट यांनी तयार केलं. १७०३ मध्ये डेव्हिड रसेन यांनी बाप्टिस्टांवर टीका करणारं पुस्तक लिहिलं होतं. त्याला पुस्तकानंच उत्तर देण्याचं कामही स्टेनेट यांनी केलं. बहुसंख्य बाप्टिस्ट रविवार पाळणारे होते आणि त्यांची बाजू मांडत होता शनिवार पाळणारा माणूस.

चर्चमध्ये गीतं गावीत की नाही, यावर तेव्हा बाप्टिस्टांमध्ये जोरदार वाद होता. त्या काळात, १६९७ मध्ये, स्टेनेट यांनी प्रभुभोजनाच्या विधीसाठी गीतसंग्रह छापला. १७१२ मध्ये बाप्तिस्म्यावरची गीतं आली. पुढच्याच वर्षी, जुलै १७१३ मध्ये, त्यांचं निधन झालं. २३ वर्षं ते त्याच लहानशा मंडळीचे पाळक राहिले.

आज याचं काय?

सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हे आज शनिवार पाळणारं मोठं चर्च आहे. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ याच चर्चचं. या पंथाचा जन्म एकोणिसाव्या शतकातला, अमेरिकेतला. त्यांच्या इमारती रविवारी रिकाम्या असतात, म्हणून अनेक ठिकाणी त्या रविवारच्या मंडळींना भाड्यानं दिल्या जातात. एकाला इमारतीच्या खर्चाला हातभार लागतो, दुसऱ्याला छप्पर मिळतं. काहींना मात्र प्रश्न पडतो, की जो वार आपण मानत नाही, त्या वाराच्या उपासनेला जागा देणं म्हणजे तडजोड तर नाही?

पिनर्स हॉलचा मालक तिसराच होता, त्यामुळे तिथे हा प्रश्न या रूपात आला नसेल. पण स्टेनेट यांचं आयुष्य एक गोष्ट दाखवतं. शेजारी वेगळा वार पाळतो म्हणून आपला वार सैल होत नाही. तो सैल होतो आपण पाळणं सोडलं तर.

त्यांचं सर्वात गाजलेलं गीत शब्बाथच्या स्वागताचं आहे. ते शनिवारसाठी लिहिलेलं. नंतर मात्र रविवारच्या चर्चांनीही ते आपल्या गीतपुस्तकांत घेतलं आणि पिढ्यानपिढ्या रविवारी गायलं.