रिकामी पुंगळी ठेवायची की भंगारात टाकायची? हे ज्याच्या शोधावरून ठरतं तो अमेरिकेचा नेमबाज कर्नल

अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी भरणारे हजारो हौशी नेमबाज आहेत. गोळी उडून जाते, दारू जळून जाते, पण पितळेची पुंगळी मागे उरते आणि ती पुन्हा भरता येते. म्हणून रेंजवर पडलेली पुंगळी उचलली की हे लोक आधी तिच्या आत डोकावतात. बुडाला मधोमध एकच भोक दिसलं तर ती खिशात जाते. दोन बारीक भोकं दिसली की बहुतेक जण ती भंगाराच्या डब्यात टाकतात.

ही दोन भोकं ज्याच्या नावाने ओळखली जातात, त्याचं नाव हायरम बर्डन.

बर्डनचा जन्म १८२४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या फेल्प्स गावचा. शिकला इंजिनिअरिंग. सोन्याची खडी फोडायचं यंत्र, पाव भाजायची यांत्रिक बेकरी असे त्याचे एक ना अनेक उद्योग. त्यात पैसा मिळाला आणि नावही झालं. पण गड्याची खरी ओळख होती नेमबाजीची. त्या काळात देशातल्या पहिल्या नंबरच्या नेमबाजांमध्ये त्याची गणना व्हायची.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. बर्डनने उत्तरेच्या सैन्यासाठी फक्त नेमबाजांची रेजिमेंट उभी केली. भरतीची अट एकच, पण कडक. २०० यार्डांवरून सलग दहा गोळ्या दहा इंचाच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. एक जरी बाहेर गेली तर घरी जा. झाडीत मिसळून जाणारा हिरवा गणवेश ही या रेजिमेंटची खूण होती. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गला त्याच्या शंभरेक नेमबाजांनी जंगलात शिरून शत्रूची हालचाल हुडकून काढली. पण त्याच्या हाताखालच्या काही अधिकाऱ्यांचा आरोप होता की, लढाई पेटली की साहेब मागे राहतात. जानेवारी १८६४ मध्ये त्याने राजीनामा दिला.

यानंतर तो पुन्हा यंत्रांकडे वळला आणि मार्च १८६६ मध्ये काडतुसाच्या प्राइमरचं पेटंट त्याच्या नावावर झालं.

आता प्राइमर म्हणजे काय? पुंगळीच्या बुडाला बसवलेली छोटी टोपी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते. टोपीतला मसाला पिन आणि ऐरणीच्या मध्ये चिरडून पेटतो आणि दारूला आग लागते. बर्डनने ही ऐरण पुंगळीच्याच बुडात उठवली आणि तिच्या बाजूला भोकं ठेवली. टोपी साधी आणि स्वस्त झाली. कारखान्यांना तर हे सोयीचंच होतं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर या लष्करी अधिकाऱ्याने वेगळी वाट धरली. त्याने ऐरण टोपीच्या आत बसवली आणि पुंगळीला मधोमध एकच भोक ठेवलं.

फरक कळतो तो पुंगळी पुन्हा भरताना. बॉक्सरच्या पुंगळीत वरून सळई घातली की ती भोकातून जाते आणि जुनी टोपी बाहेर ढकलते. बर्डनच्या पुंगळीत सळई थेट ऐरणीवर अडते. मग आकड्यासारख्या हत्याराने टोपी उपसा किंवा पाण्याच्या दाबाने काढा. काम होतं, पण वेळ आणि डोकं दोन्ही खातं.

म्हणजे वापरलेली पुंगळी स्वस्त, हे खरं असलं तरी अर्धंच खरं. प्रत्येक बाराला पितळ ताणलं जातं, मानेजवळ कडक होऊन तडकतं, बुडाजवळ पातळ होतं. दुसऱ्याच्या रायफलमधली पुंगळी किती वेळा भरली गेलीय, हे बघून सांगता येत नाही. म्हणून ज्याला खात्री हवी तो नवी घेतो. ज्याला पैसे वाचवायचे असतात, तो आपल्याच रायफलमधल्या, एका भोकाच्या पुंगळ्या जपतो.

इतिहासाची गंमत बघा. इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपच्या सैन्यांत. रणांगणावर पुंगळ्या वेचायला कुणाला वेळ असतो? ब्रिटिशांच्या थ्री नॉट थ्री काडतुसातही बर्डनचाच प्राइमर होता. तीच काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही बनली. रशियाने तर त्याची रायफलच स्वीकारली. तिथे आजही तिला बर्डांका म्हणतात.

स्वतःच्या देशात मात्र त्याला कोर्टात लढावं लागलं. रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी आपली यंत्रणा सरकारी स्प्रिंगफिल्ड रायफलीत परवानगीशिवाय वापरली, असा त्याच्या कंपनीचा दावा होता. सुप्रीम कोर्टाने भरपाईवर शिक्कामोर्तब केलं, पण ते १८९५ मध्ये. बर्डन त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च १८९३ मध्येच वारला होता.