कुत्र्यांचा बंदोबस्त

गेल्या वर्षी मी एका अर्जावर सही केली. अर्ज होता आपल्या महाविद्यालयाच्या आवारातील भटक्या कुत्र्यांविषयी. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची भटकी कुत्री हलवून त्यांना निवारागृहांत ठेवावे, असा आदेश दिला. त्यानंतर कँटीनमध्ये, जिन्यात, वाचनालयाच्या ओट्यावर दोन तट पडले. एक तट कुत्र्यांना बिस्किटे घालणाऱ्यांचा, दुसरा त्यांना भिणाऱ्यांचा. मी दुसऱ्या तटातली. सातवीत असताना एक कुत्रा माझ्या पोटरीला चावला होता. त्या इंजेक्शनांपेक्षा त्या काळात आईचा उतरलेला चेहराच मला अधिक आठवतो. त्यामुळे या कुत्र्यांचा त्वरित बंदोबस्त करण्यात यावा, अशा अर्थाच्या त्या अर्जाखाली सही करताना माझा हात जराही अडखळला नाही.

पुढे महिन्याभराने इतिहासाच्या प्रकल्पासाठी विषय वाटले गेले. माझ्या वाट्याला सर जमशेटजी जीजीभाई आले. मुंबईत राहणाऱ्याला जे. जे. ही अक्षरे नवी नाहीत. अपघात झाला की जे. जे., चित्रकला शिकायची तर जे. जे. परंतु या दोन अक्षरांमागे हाडामांसाचा एक माणूस होता, याची आठवण सहसा कोणी ठेवत नाही. मीही ठेवली नव्हती. रुग्णालय आणि कलाशाळा यांवर चार पाने खरडून मोकळे व्हावे, असा माझा बेत होता. मात्र त्यांच्या चरित्रात मध्येच कुत्री आडवी आली आणि बेत फसला.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घरची परिस्थिती बेताची. बालपण गेले गुजरातेत, नवसारीला. शिक्षण म्हणावे असे फारसे झाले नाही. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आईवडील दोघेही गेले आणि हा पोरका मुलगा मुंबईला आपल्या मामाकडे, फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांच्याकडे आला. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांच्या खरेदीविक्रीचा. जमशेटजी त्यातच शिरले आणि बाटलीवाला हे नाव त्यांनाही चिकटले. पुढे मामांची कन्या अवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्यांनी टाकून दिलेली वस्तू उचलून तिला पुन्हा किंमत आणायची, हा या माणसाचा पहिला धडा. पुढील हकिगत वाचताना तो मला वारंवार आठवत राहिला.

पण त्यांचे दैव उघडले ते समुद्रावर. १७९९ ते १८०७ या काळात त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली तर त्यांचे जहाज फ्रेंचांच्या तावडीत सापडले. माल गेला आणि स्वतः जमशेटजी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप ऑफ गुड होपपर्यंत नेले गेले. तेथून अन्न-कपड्याचे हाल सोसत ते कसेबसे परतले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. ही ओळख पुढे आयुष्यभराच्या व्यापारी दोस्तीत बदलली. मुंबईत त्यांचे भागीदार कोण होते पाहा : जैन शेठ मोतीचंद अमीचंद, ज्यांना सारी मुंबई मोतीशा म्हणून ओळखते, कोकणी मुसलमान मोहमद अली रोगे, आणि गोव्याकडचे ख्रिस्ती व्यापारी रोजेरियो द फारिया. एका पेढीच्या आसऱ्याला चार धर्म नांदत होते. चाळिशीच्या आसपास जमशेटजी मुंबईच्या अग्रगण्य धनिकांत जाऊन बसले.

आता कुत्र्यांकडे वळते. त्या काळी कुत्रे पिसाळणे म्हणजे थट्टा नव्हती. पाश्चरची लस यायला १८८५ साल उजाडावे लागले. तोवर पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश झालेला माणूस पाण्याला भिऊ लागला की घरच्यांनी आशा सोडावी, असाच मामला होता. म्हणून उन्हाळ्याच्या महिन्यांत भटकी कुत्री मारण्याची मुभा देणारा नियम मुंबई सरकारने केला होता. १८३२ साली ही मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे ८ आणे बक्षीस ठरले. ८ आणे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. मग भटके कोणते आणि पाळीव कोणते हा विचार कोण करतो? शिपाई लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही मारू लागले.

कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, पारशी वस्ती दाट होती. पारशी धर्मात कुत्रा हा पवित्र प्राणी. माणूस मरण पावल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा विधी त्यांच्यात आहे, त्याला सगदीद म्हणतात. ६ जून १८३२ रोजी पारशांच्या जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना गाठून चोपले. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. दुकाने बंद झाली. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही त्यात सामील झाले आणि कुलाब्याच्या पलटणीला रसद मिळेनाशी झाली. अखेर सैन्य बोलवावे लागले, धरपकड झाली, काहींवर खटले भरले गेले. मुंबईच्या इतिहासात ही कुत्र्यांची दंगल म्हणून ओळखली जाते.

या दंगलीत जमशेटजी दगड घेऊन रस्त्यावर उतरले नाहीत. सरकार आणि लोक यांच्या मध्ये उभे राहून रदबदली करणाऱ्या प्रतिष्ठितांत ते होते. येथे मी वाचता वाचता थांबले. त्यांच्यापुढेही आपल्यासारखेच दोन तट होते आणि दोन्ही तटांचे म्हणणे खरे होते. कुत्रा पिसाळतो आणि माणसे मरतात, हे खरे. आणि दारात झोपलेल्या मुक्या जिवाला ८ आण्यांसाठी सोट्याने ठेचणे हे पाप, हेही खरे. आपण असतो तर सभा घेतली असती, ठराव केला असता, आणि फार तर अर्जावर सही केली असती.

दोन वर्षांनी, १८३४ साली, मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. जमशेटजी त्याच्या संस्थापकांत अग्रभागी होते आणि जैन-हिंदू महाजन त्यांच्याबरोबर होते. भुलेश्वरजवळ जागा घेण्यात आली. भटकी कुत्री, म्हातारी गुरे, लंगडे बैल, जखमी पक्षी यांना तेथे मरेपर्यंत आसरा मिळावा, ही योजना. पांजरपोळ ही कल्पना काही जमशेटजींची नव्हे. गुजरातेत जैनांच्या अशा संस्था त्यापूर्वी कितीतरी वर्षे चालत होत्या. पण एका पारशी शेठाने जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून, शहरात नुकत्याच उसळलेल्या भांडणातून अशी संस्था उभी करावी, हे मला विशेष वाटते.

याहूनही विशेष वाटली ती तिच्या खर्चाची तजवीज. प्राणी रोज खातो. देणगी एकदाच मिळते, गवत रोज लागते. हे बाटल्यांचा हिशेब ठेवता ठेवता मोठ्या झालेल्या माणसाला कळत होते. म्हणून व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर पांजरपोळासाठी ठरावीक रक्कम बसवून घेतली. तिला लागा म्हणत. माल आला-गेला की त्यामागे काही आणे जनावरांच्या नावे जमा. दया ही मनाच्या लहरीवर न ठेवता वहीखात्यात नोंदवून टाकली. म्हणूनच ज्या वर्षी कोणाचे मन द्रवले नाही, त्या वर्षीही गुरांपुढे चारा पडला.

येथे मला बंदोबस्त या आपल्या मराठी शब्दाचा उलगडा झाला. या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कोणाचा बंदोबस्त करणे म्हणजे त्याला वाटेतून दूर करणे. आणि कशाचा बंदोबस्त करणे म्हणजे त्याची नीट सोय लावणे, तजवीज करणे. सरकारने ८ आणे देऊन केला तो पहिला बंदोबस्त. जमशेटजी आणि त्यांच्या साथीदारांनी केला तो दुसरा. आणि मी अर्जावर सही केली ती कोणत्या अर्थाने, हे मला स्वतःलाच विचारावे लागले. कुत्री कोठे नेणार, तेथे जागा आहे का, त्यांना खायला कोण घालणार, यातला एकही प्रश्न माझ्या डोक्यात त्या वेळी नव्हता. ती माझ्या नजरेसमोरून जावीत, एवढेच मला हवे होते.

जमशेटजींच्या पुढच्या आयुष्यातही हीच रीत दिसते. माहीमच्या खाडीत होड्या बुडून माणसे मरत. तेथे पूल बांधायला सरकारजवळ पैसा नव्हता. तेव्हा अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले, आणि पुलावरून जाणाऱ्यांकडून पट्टी घेऊ नये असा आग्रह धरला. तो रस्ता १८४५ साली खुला झाला. त्याच वर्षी जे. जे. रुग्णालयही सुरू झाले. पुण्यात मुळा-मुठेवर बंडगार्डनचा बंधारा त्यांच्या देणगीतून झाला. १८५७ साली कलाशाळा निघाली. १८४२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १८५७ साली बॅरोनेट हा किताब. हे दोन्ही मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. परंतु त्यांचा पैसा कोठून आला, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. कापसाच्या जोडीने माळव्याची अफू हा त्यांच्या व्यापाराचा मोठा भाग होता. चीनच्या बादशहाने अफूला बंदी घातली असताना ती चोरट्या वाटेने तेथे जात होती आणि जार्डिनची पेढी त्या धंद्यात सर्वांच्या पुढे होती. त्याच अफूपायी इंग्रजांनी १८३९ ते १८४२ या काळात चीनशी युद्ध केले. ज्या साली युद्ध संपले, त्याच साली जमशेटजी सर झाले. मुंबईच्या लंगड्या बैलाला पांजरपोळ मिळाला, पण कँटनच्या अफूबाज हमालासाठी कोणी पांजरपोळ काढला नाही.

हे वाचून दोन दिवस मी प्रकल्पाला हात लावला नाही. असा माणूस वंदनीय मानावा की नाही? सरांना विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही, फक्त दोन्ही बाजू लिही असे सांगितले. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की माणसाचा पुतळा करू नये आणि त्याचे कामही पुसू नये. जमशेटजींची दया त्यांच्या डोळ्यांसमोर होती तेथवर पोचली. समुद्रापलीकडे ती पोचली नाही. आपली तरी कोठवर पोचते? माझी तर कँटीनच्या दारापर्यंतही पोचली नव्हती.

एका शनिवारी मी चर्नी रोडला उतरून भुलेश्वरला गेले. कापडाची, भांड्यांची, फुलांची दाटी ओलांडून पांजरपोळाच्या गल्लीत शिरले. एवढ्या गर्दीच्या आणि एवढ्या महाग जमिनीवर आजही गाई उभ्या आहेत. लोक येतात, गवताची पेंढी घेतात, गाईच्या तोंडाशी धरतात, हात जोडतात आणि पुन्हा बाजारात मिसळून जातात. ज्या कुत्र्यांवरून हे सारे सुरू झाले, ती मात्र मला आत दिसली नाहीत. एक कुत्रे बाहेर हातगाडीखाली झोपले होते. आमच्याकडे घरात कोणी म्हातारे झाले की स्वतःलाच हसत पांजरपोळात पाठवा म्हणतात. त्या थट्टेत किती भीती आणि किती विश्वास दडला आहे, हे मला तेथे उभे राहिल्यावर कळले. निकामी झालेल्यालाही कोठेतरी जागा असावी, हाच तो विश्वास.

परत आल्यावर मी अर्जावरची सही मागे घेतली नाही. चावा घेणारे कुत्रे आवारात नको, हे माझे मत अजून तेच आहे. पण आम्ही दोन्ही तटांतील अकरा जण एकत्र बसलो आणि एक वही घातली. वहीत पाचही कुत्र्यांची नोंद केली : रंग, अंदाजे वय, नसबंदी झाली आहे की नाही, लस टोचली आहे की नाही. दरमहा प्रत्येकी ५० रुपये जमा करायचे ठरले. हा आमचा लागा. काळी नावाची कुत्री आपल्या ग्रंथालयातील एका शिपाईकाकांनी गावाकडच्या घरी नेली. लस टोचून नेली, पावती वहीत चिकटवली आहे. मागच्या महिन्यात ते सांगत होते की ती आता रात्री गोठ्याच्या दारात झोपते. तांबड्याला एका प्राध्यापिकाबाईंच्या सोसायटीत जागा मिळेल असे दिसते. उरलेल्या तिघांसाठी आम्ही पालिकेच्या निवारागृहाची चौकशी करीत आहोत. तेथे जागा किती, देखरेख कशी, हे पाहिल्याशिवाय त्यांना गाडीत चढवायचे नाही, एवढे ठरले आहे.

मला अजूनही कुत्र्यांची भीती वाटते. वही मात्र माझ्याकडेच असते. तिच्या पहिल्या पानावर मी शीर्षक लिहिले आहे : कुत्र्यांचा बंदोबस्त. वर्गणी द्यायची असल्यास मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या ओट्यावर भेटावे.