दिनशा वाच्छा : हिशेब मागणारा माणूस

मुंबईला चर्चगेटजवळ दिनशा वाच्छा मार्ग आहे. आजोबांबरोबर तिथून जाताना मी ते नाव प्रथम वाचले. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपात त्यांची नोकरी गेली. हा मालकांपैकीच कोणी असेल, एवढेच त्यांना ठाऊक. कॉलेजच्या ग्रंथालयात शोधले, तेव्हा आजोबांचे म्हणणे अर्धे खरे निघाले.

वाच्छांचा जन्म 1844 सालचा, मुंबईतल्या पारशी घराण्यातला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते पुढे गिरणीधंद्यात शिरले. 1885 च्या पहिल्या काँग्रेसला ते हजर होते आणि 1901 साली कलकत्त्याला अध्यक्ष झाले. पण मला मोठे वाटते ते त्यांचे 1897 चे काम. त्या वर्षी ते आणि आपले गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला गेले. सरकारी खर्चाचा हिशेब त्यांनी सरकारलाच मागितला. लष्कराचा बोजा केवढा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार केवढे, त्यांचे पेन्शन इंग्लंडात का जाते! त्या काळी सनदी नोकरीची परीक्षा फक्त लंडनला होई. बोटीचे भाडे भरणारा शेतकऱ्याचा पोर कुठून यावा? परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, ही काँग्रेसची मागणी पहिल्या अधिवेशनापासूनची. 1893 साली पार्लमेंटने तसा ठरावही केला, पण सरकारने तो गुंडाळून ठेवला. इथे परीक्षा झाली ती 1922 साली. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात स्पर्धापरीक्षेची मुले रात्री उशिरापर्यंत बसतात; त्यांना हे नाव माहीत नाही. मलाही नव्हते.

वाच्छा गिरणीमालक संघाचे जुने कार्यकर्ते, 1917 साली अध्यक्ष. इंडियन मर्चंट्स चेंबरचेही ते 1915 साली अध्यक्ष होते. 1896 साली देशी कापडावर साडेतीन टक्के कर बसला, तो लँकेशायरच्या भल्यासाठी, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. मात्र कारखाना कायदा आला की मालक मंडळींना त्यातही लँकेशायरचाच हात दिसे, आणि वाच्छा त्यांच्याच बाजूचे. 1911 पर्यंत प्रौढ पुरुष कामगाराच्या तासांना कायद्याची मर्यादाच नव्हती. सरकारचा पैन् पै मोजणाऱ्याने हे तास का मोजू नयेत, हे मला अजून उमगलेले नाही.

हे सारे मी आजोबांना वाचून दाखवले. कापडावरच्या करापर्यंत ते मान हलवत होते. तासांची गोष्ट आली तशी त्यांनी चंची काढली, तंबाखू मळली आणि पुढचे वाच म्हणून खूण केली. पुढे, 1936 साली वाच्छा वारले, एवढेच लिहिलेले होते.