ज्यूल ब्लॉक आणि क्रियापदाविना वाक्य

ज्यूल ब्लॉक यांचा जन्म 1 मे 1880 रोजी पॅरिसमध्ये झाला. आंत्वान मेये हे तौलनिक भाषाशास्त्रातील, तर सिल्वँ लेव्ही हे संस्कृतातील त्यांचे गुरू. मराठीच्या विद्यार्थ्याला ब्लॉक परिचित असतात ते मराठीच्या ऐतिहासिक घडणीवरील ग्रंथामुळे. तो 1920 साली प्रकाशित झाला आणि 1941 साली वा. गो. परांजपे यांनी मराठीत आणला. त्याआधीचा त्यांचा एक प्रबंध मात्र आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. विषय होता संस्कृतमधील क्रियापदविरहित, म्हणजेच नामिक वाक्य.

विषय वाटतो तितका शुष्क नाही. फ्रेंचमध्ये, निदान लेखनात, 'आहे' या अर्थाचे क्रियापद सहसा गाळता येत नाही. मराठीत 'हा माझा भाऊ' एवढ्याने वाक्य पुरे होते. अशा ठिकाणी 'अस्ति' उच्चारलेले नसले तरी असतेच, असे कात्यायनाने मानले. अध्याहृत क्रियापद शोधण्याची आपली शालेय सवयही त्याच वळणाची. मेये आणि ब्लॉक यांनी मात्र या वाक्याकडे स्वतंत्र रचना म्हणून पाहिले. रेवसच्या धक्क्यावर कोणी 'भाऊचा धक्का?' एवढेच विचारतो आणि 'साडेचारला' असे उत्तर मिळते, तेथे उरलेला अर्थ प्रसंग पुरवतो. 'हा माझा भाऊ' या वाक्याला तसा आधार लागत नाही. मात्र भूतकाळ सांगायचा तर 'होता' म्हणावेच लागते, आणि नकारातील 'नाही' गाळता येत नाही. हे दोन प्रकार विद्यार्थ्यांनी एक मानू नयेत. उत्तरपत्रिकांत ही गल्लत नेहमी आढळते.

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. 'स गतः', 'सा गता' ही संस्कृत वाक्ये नामिकच. त्यांत क्रियापद नाही, धातुसाधित विशेषण आहे. प्राकृत अवस्थेत त्याला लकारयुक्त प्रत्यय जोडला गेला आणि त्यातून मराठीचा 'तो गेला', 'ती गेली' हा भूतकाळ उभा राहिला. क्रियापद असूनही 'गेला, गेली, गेले' असे लिंग आपण पाळतो, ते त्या विशेषणपणाचेच अवशेष. अपुरे भासणारे वाक्यच येथे क्रियापद घडवून गेले. मराठीवरील ग्रंथातील क्रियापदविचार वाचताना ब्लॉक यांचा तरुणपणीचा हा अभ्यास डोळ्यांपुढे ठेवावा.

सुनीतिकुमार चतर्जी यांनी पॅरिसमध्ये त्यांच्याकडे अध्ययन केले. 1937 मध्ये ब्लॉक कॉलेज द फ्रान्समध्ये संस्कृतचे प्राध्यापक झाले. द्राविडी भाषांच्या व्याकरणिक घडणीवरील त्यांचा ग्रंथ 1946 चा. 29 नोव्हेंबर 1953 रोजी त्यांचे निधन झाले.