नामदार गोपाळ कृष्ण गोखले

ह्या महोत्सवी अंकात साधुसंतांची व धर्मगुरूंची चरित्रे वाचकांस वाचावयास मिळतीलच. त्यांच्या पंक्तीस एका लौकिक राजकारणी पुरुषास का बसविले, असे कोणी विचारील. गोखले आपल्या धर्माचे नव्हते, आणि राजकारण हे चर्चचे क्षेत्र नव्हे, हेही खरे. परंतु हल्ली निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्याही गावात सत्यास जी रजा मिळते ती पाहून ह्या पुरुषाची आठवण होते, आणि ती लिहून ठेवावीशी वाटते.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. 1879 साली वडील वारले. तेव्हा थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करिली, व त्यातील आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणास पाठविण्याचा परिपाठ ठेविला. ज्या कुटुंबात एकाने शिकावे म्हणून दुसऱ्याने शाळा सोडिली आहे, त्यांस ह्या आठ रुपयांचे मोल निराळे सांगावयास नको. 1884 साली गोपाळराव बी. ए. झाले. पुढे पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन त्यांनी सुमारे वीस वर्षे मासिक पंचाहत्तर रुपयांच्या तुटपुंज्या वेतनावर अध्यापन केले. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे सार्वजनिक जीवनातील गुरू. सार्वजनिक सभेचे काम, सरकारी आकडे, अर्ज, अहवाल, ह्या साऱ्यांचा रुक्ष अभ्यास त्यांनी त्या गुरूच्या कडक नजरेखाली केला.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिला, त्याकडे वळू. 1897 साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले होते. इकडे पुण्यात प्लेगने कहर मांडिला होता, आणि घरझडतीसाठी गोरे शिपाई नेमिले होते. ते देवघरांत व माजघरांत शिरत, सामान बाहेर फेकीत, अशा तक्रारी घरोघर होत्या. मित्रांच्या पत्रांत ह्याहूनही भयंकर मजकूर आला : शिपायांनी स्त्रियांची अब्रू घेतली. गोखल्यांनी तो विश्वासाने तेथील वृत्तपत्रास सांगितला व पार्लमेंटच्या सभासदांच्याही कानी घातला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी तो साफ नाकारिला व पुरावा मागितला. 22 जून रोजी रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. जुलैअखेर टिळकांस अटक झाली, नातू बंधू स्थानबद्ध झाले. अशा वेळी गोखले मुंबई बंदरात उतरले.

पत्रलेखकांपैकी कोणीही उघड पुढे येऊन शपथेवर सांगावयास धजेना. त्यांची नावे सरकारास दिली असती, तर गोखल्यांवरील आळ हलका झाला असता. त्यांनी ती दिली नाहीत. सिद्ध न होणारा आरोप मागे घेणे हे आपले कर्तव्य आहे असे समजून त्यांनी ऑगस्टच्या आरंभी सरकारची, गव्हर्नरांची व शिपायांचीही बिनशर्त माफी मागितली, आणि ती वर्तमानपत्रांत छापविली.

पुण्यात त्यांची छीःथू झाली. भित्रा, सरकारधार्जिणा, अशी विशेषणे त्यांस लागली, व पुढे कित्येक वर्षे ती चिकटून राहिली. माझ्या अल्पमतीप्रमाणे माफी गरजेपेक्षा मोठी झाली. एक विशिष्ट आरोप मागे घेणे निराळे, आणि शिपायांची भलावण करणे निराळे. पुणेकरांच्या बाकीच्या तक्रारी काही हवेतल्या नव्हत्या. परंतु गैरवाजवी झुकले म्हणावे, तरी ते स्वतःच्या लाभाकडे झुकले नाहीत. चूक एकट्याची म्हणून त्यांनी स्वीकारिली, दुसऱ्याच्या माथी मारिली नाही. 1898 साली प्लेग पुन्हा आला, तेव्हा हेच गोखले स्वयंसेवक होऊन पुण्याच्या वस्त्यांत फिरले.

1899 साली ते मुंबईच्या, आणि 1902 साली वरिष्ठ कायदेकौन्सिलात गेले. तेथील पहिल्याच अंदाजपत्रकावरील भाषणात, शिल्लक दिसते ती रयतेच्या सुबत्तेची खूण नसून जादा कराची आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो पायरीपायरीने उतरून 1907 साली एक रुपयावर आला. 1911 साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडिले. मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. त्या पराभवाने रागावून ते घरी बसले नाहीत. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी मजुरांची स्थिती पाहावयास गेले.

12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला होता. त्यातील सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करावी, स्वतःकरिता पैसा मिळवू नये, कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये, व जातिधर्माचा भेद न पाहता सर्व हिंदवासीयांस बंधू मानावे, अशी शपथ असे. आम्हां सेमिनरीत वाढलेल्यांस हे नियम वाचून आपलेच घर आठवते. राजकारणातील मनुष्यास अशी नवसाधना लागते, हा विचार गोखल्यांपूर्वी आपल्याकडे फारसा कोणी केला नव्हता.

1914 साली सरकारने देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारिला. मधुमेहाने शरीर पोखरलेलेच होते. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद राहिला ते लोकमान्य टिळक बातमी कळताच सिंहगडावरून खाली आले, आणि स्मशानात उभे राहून त्यांनी गोखल्यांच्या देशसेवेचा मुक्तकंठाने गौरव केला.